अर्काची दुसरी बाटली

१

गुरुबसप्पा कोनापुरे मंगळवारी सकाळी नऊ वाजता भाकरी जेवले, सुनेनं पेल्यात करून दिलेला ओव्याचा अर्क प्यायले आणि पावणेबाराला दवाखान्यात वारले. वय बाहत्तर. मार्केट यार्डात चाळीस वर्षं ज्वारी-तुरीची अडत चालवलेला माणूस, तापानंसुद्धा कधी अंथरूण धरलं नव्हतं. त्या दिवशी मात्र अर्क पोटात गेला आणि पाच-दहा मिनिटांत दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळायला लागली, मग उलटी, मग हातापायांना झटके. डॉक्टरांना हे हृदयाचं दुखणं वाटेना. त्यांनी पोलिसांना कळवलं, अर्काची बाटली जप्त झाली, आणि बाराव्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद ठाण्यात आला. पोटात निकोटीन. बाटलीत निकोटीन.

"म्हणजे तंबाखूच," मोठे साहेब म्हणाले. "सुनेनं उकळून बाटलीत घातली असणार. आदल्या रात्री सासऱ्याशी भांडली होती, शेजाऱ्यांनी ऐकलंय. उद्या सकाळी तिला आणा."

समोर सहायक फौजदार सयाजी गिड्डे उभा होता. नोकरीची तेहतीस वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची दहा त्यानं अशाच घरांच्या पायऱ्या चढण्यात घालवली होती, जिथं कुणीतरी मेलेलं असतं आणि उरलेले एकमेकांकडं बघत नसतात. मोडनिंबला त्याची जमीन होती, बायको तिथंच राहायची. तो इथं एका खोलीत राहायचा आणि झोप पुरी झाली असं त्याला कधी वाटायचं नाही.

"आजचा दिवस द्या साहेब," तो म्हणाला. "एकदा घरी जाऊन येतो."

"काय राहिलंय आता?"

सयाजीनं कागद पुन्हा हातात घेतला. साहेबांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या. तिसरी ओळ खाली, बारीक अक्षरात होती. द्रवात ग्लिसरीन आणि पुदिन्याचा अर्क सापडला होता. आणि पुढं लिहिलं होतं की ओव्याचा अंश आढळला नाही.

तंबाखू अर्कात मिसळली असती, तर ओवा कुठं गेला असता?

२

कोनापुऱ्यांचं घर बाळीवेशीत होतं. खाली राहायच्या खोल्या, वर माडी, त्यावर गच्ची. दार अक्षतानं उघडलं. गुरुबसप्पांची मुलगी, अकलूजला दिलेली, बारा दिवस माहेरी होती.

"कधी नेणार तिला?" तिनं सयाजीला बसायच्या आधीच विचारलं. "माझ्या बापाला मारून ती आमच्याच चुलीवर स्वयंपाक करते, आणि आम्ही ते खायचं."

"खाताय का?"

अक्षतानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी वेगळं करते."

भांडण कशावरून झालं, हे तिनं सांगितलं. सुनेला, दाक्षायणीला, गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागत होती. आप्पांनी, म्हणजे गुरुबसप्पांनी, नको म्हटलं. ती पहिल्यांदाच उलटून बोलली.

"काय बोलली?"

"म्हणाली, तुम्ही आहात तोवर मला या घरात श्वास घेता येणार नाही. शेजारच्यांनी ऐकलंय."

दाक्षायणी स्वयंपाकघरात होती. वय तिशीच्या आत, कपाळावर विभूती, डोळ्यांखाली काळं. अक्कलकोटकडची, बोलता बोलता मध्येच थांबायची, कानडीतून मराठीत शब्द आणल्यासारखी. सयाजी दारातच पाटावर बसला.

"बोलले मी तसं," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? रात्री बोलले आणि सकाळी त्यांना भाकरी वाढली. रोजच्यासारखा अर्क दिला. दोन चमचे, कोमट पाण्यात."

"चव कशी लागली म्हणाले?"

"काही नाही. घसा जळतो म्हणाले. पण अर्कानं जळतोच की."

"बाटली रोजचीच होती?"

तिनं मान वर केली. बारा दिवसांत हे कुणी विचारलं नसावं, असं तिच्या तोंडावर दिसलं.

"नाही. सोमवारी प्लास्टिकची होती, तळाला आलेली. मंगळवारी फडताळात काचेची होती, भरलेली. मला वाटलं आप्पांनीच नवी आणली. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, साहेब. लिहून घेणारे म्हणाले, बाटली ती बाटली."

सयाजीनं डोळे मिटून क्षणभर कपाळ चोळलं. लिहून घेणारे त्याच्याच ठाण्याचे होते.

"दवाखान्यात बाटली कोण घेऊन आलं?"

"मीच. डॉक्टर विचारतील काय दिलं म्हणून. काकांच्या जीपमधून नेताना हे म्हणाले, बाटली माझ्याकडं दे. मी म्हटलं, राहू दे माझ्याच हातात. तिथं गेल्या गेल्या डॉक्टरांना दिली." ती थांबली. "डॉक्टर दोन-तीनदा बाहेर आले. म्हणाले, यांच्या पोटात आणखी काय गेलंय ते सांगा, नुसत्या ओव्यानं असं होत नाही. आम्हाला दिशा तरी कळू दे. मी काय सांगणार?"

विष घालणारी बाई बाटली घेऊन स्वतः डॉक्टरांकडं धावत नाही. सयाजीला तेवढं पुरेसं होतं, साहेबांना पुरलं नसतं. तो उठला तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "काशम्मा चार दिवस झाले कामाला येत नाही. पंधरा वर्षांत तिनं कधी असं केलं नाही."

३

सयाजी आधी कोपऱ्यावरच्या चनबसप्पाच्या औषधाच्या दुकानात गेला. जप्त बाटलीचा फोटो त्यानं मोबाइलवर दाखवला. चनबसप्पानं चष्मा वर करून बघितला.

"ही माझ्याकडचीच. पण जुनी. दीड वर्षं झाली, कंपनी प्लास्टिकमध्ये देते. आप्पा तर महिन्याला एक बाटली संपवायचे. ही कधीच रिकामी झालेली असणार."

"मग भरली कुणी?"

"ते मला कसं कळणार? या बाटलीचं बूच घट्ट बसतं, वर थेंबाथेंबानं पडायची सोय. लोक घरी ठेवतात, कशाकशाला वापरतात."

दुकानाबाहेर रुद्रप्पा भेटला. गुरुबसप्पांचा धाकटा भाऊ, अक्कलकोट रस्त्याला शेती, तोंडात तंबाखूचा बार. बांधावरून दोघा भावांत वाद होता हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. त्या मंगळवारी तो जीप घेऊन आला होता तोही जमिनीच्या मोजणीसाठी भावाला न्यायला.

"तुमच्याकडं फवारणीची औषधं असतील," सयाजी म्हणाला.

"हायत की. गोठ्यात कुलपात. बगून या." रुद्रप्पानं बार थुंकला. "साहेब, भांडण बांधाचं हुतं. अण्णा गेला, बांध तितंच हाय. मला काय मिळालं? त्याला जीपमदी मीच घातला. त्याचं डोकं माज्या मांडीवर हुतं, गाडी शेजारचा पोरगा चालवत हुता."

"शिवशरण कुठं होता?"

शिवशरण म्हणजे गुरुबसप्पांचा मुलगा, दाक्षायणीचा नवरा. एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायचा.

"तो आमाला खोळंबवून ठेवून वर पळाला. म्हणाला, आप्पांची दवाखान्याची फाईल आनतो. आमी हितं हॉर्न वाजवतोय. लई वेळानं आला."

"फाईल आणली?"

रुद्रप्पा विचार करायला लागला.

"न्हाय," तो म्हणाला. "हात मोकळंच हुतं. आनि दवाखान्याच्या दारात जीपमदनं उतरताना एकदम वरडला, मांडी झाडाय लागला. इंगळी चावल्यागत. मी म्हनलं काय झालं, तर म्हनला काय न्हाय काका, पायात गोळा आला."

४

काशम्मा दोन गल्ल्या पलीकडं एका खोलीत राहायची. सयाजीला बघून ती भिंतीला टेकली. वय साठीचं, दात मिश्रीनं काळे.

"मला न्यायाला आला जनू," ती म्हणाली. "अक्षताबाई म्हनल्या, तूच मिश्री लावतीस, तुज्याच घरात तंबाकू हाय, तूच दिली असशील दाक्षायणीअक्काला. म्हनून मी जात न्हाय तिकडं."

सयाजी उंबऱ्यावर बसला. त्याला पाणी हवं होतं. ते तिनं न मागता दिलं. त्या घरात तंबाखू सगळ्यांच्या आसपास होती. काशम्माची मिश्री, रुद्रप्पाचा बार, शेतावरची औषधं. सुपारीलाही न शिवणारा एकच होता, शिवशरण. शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाची भाषणं तोच करायचा.

"काशम्मा, सोमवारी अर्काची बाटली संपली होती. मंगळवारी भरलेली कुठनं आली?"

"मीच ठिवली की," ती लगेच म्हणाली. "ती संपली म्हनून टाकून दिली. आनि वरनं दुसरी आनली."

"वरनं म्हणजे?"

"माडीवरच्या खोलीतनं. धाकल्या मालकांची वाचायची खोली. सोमवारी झाडाया गेले, तर पुस्तकांच्या मागं बाटली पडली हुती. वासबी तसाच, गार गार. मी म्हनलं, आप्पांची हितं कशी आली? खाली आनून जागंवर ठिवली." मग तिचा आवाज बारीक झाला. "मला वाचाया येत न्हाई, साहेब. पन चित्र तेच हुतं बाटलीवर. मी काय चुकले का?"

सयाजीनं पेला खाली ठेवला. खोटं बोलायची त्याला सवय होती, कामाचा भागच होता तो. त्या वेळी मात्र खोटंही सुचेना आणि खरंही.

"तुम्ही बाटली जागेवर ठेवली," तो म्हणाला. "भरली दुसऱ्यानं."

परत कोनापुऱ्यांच्या घरी येऊन तो थेट माडीवर गेला. शिवशरण अजून शाळेतून आला नव्हता. खोली नीटनेटकी होती. पुस्तकांच्या फळीवर, मागच्या बाजूला, बाटलीच्या बुडाएवढं चिकट वर्तुळ होतं. बोट लावून त्यानं वास घेतला. पुदिना. खिडकीच्या काचेवर आतून तेलकट, पांढुरका थर बसला होता, चुलीशिवायच्या खोलीत बसायचं काही कारण नसलेला. गादीखाली मात्र काही नव्हतं, कपाटातही नाही. टेबलाच्या मागं, भिंतीच्या फटीत, त्याला धातूची एक बोटाच्या पेराएवढी नळी सापडली. तिच्या आत कापूस होता, जळून काळा झालेला.

खाली उतरताना त्यानं दाक्षायणीला विचारलं, "त्या दिवशी सरांच्या पायाला काय झालं होतं?"

"भाजलं होतं. मांडीला, तळहाताएवढं. म्हणाले, गाडीचा सायलेन्सर लागला."

"त्या दिवशी गाडी काढली होती?"

तिनं दाराकडं पाहिलं. गाडी दिवसभर दारात उभी होती. सगळे जीपनं गेले होते.

गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती. सयाजीनं ती उजेडात धरली. किल्लीचा पत्रा एका जागी काळा पडला होता आणि तिथं छोटासा खड्डा होता, वेल्डिंगची ठिणगी बसावी तसा.

५

सात रस्त्याला मैनुद्दीनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. चोरीचे फोन ओळखायला सयाजी त्याच्याकडं यायचा, त्यामुळं पोलीस बघून तो दचकत नसे. सयाजीनं नळी आणि किल्ली काचेवर ठेवली.

मैनुद्दीननं नळी चिमट्यात धरली आणि खाली ठेवून दिली.

"ये मेरी नक्को समझो साब. मैं बेचता नहीं."

"तू विकतोस असं मी म्हटलं नाही. काय आहे सांग."

"व्हेप की कॉइल है." मग तो मराठीवर आला. "ती बॅटरीवरची सिगारेट असते ना, बंदी असलेली, तिच्यातली. लिक्विड या कापसात भिजतं, तार तापते, वाफ होते. हा कापूस जळालाय बघा. नवीन कॉइल घातली की लिक्विड भिजायला दहा मिनिटं द्यावी लागतात. कोण देतं? घालतात आणि लगेच ओढतात. मग जळका वास येतो, खोकला येतो, आणि माझ्याकडं येतात, मशीन खराब म्हणून. मशीन चांगलंच असतं."

"आणि ही किल्ली?"

मैनुद्दीननं किल्ली भिंगाखाली धरली.

"कुणाचा पाय भाजला?" त्यानं विचारलं.

सयाजीनं त्याला पुढं बोलायची खूण केली.

"त्या मशीनची सुटी बॅटरी असते, बोटाएवढी. डबीत ठेवायची. पण खिशात टाकतात, किल्ल्या आणि चिल्लर यांच्याबरोबर. किल्ली दोन्ही टोकांना लागली की झालं, लाल होते बॅटरी. कातडीसकट पँट जाते. माझ्याकडं दोघं आलेत असे. कोण फोनचा मोठा चार्जर लावून रात्रभर ठेवतो, कोण उन्हात गाडीच्या डिकीत ठेवतो. सांगून थकलो. चोरून वापरायची वस्तू, विचारणार कुणाला?"

"लिक्विड कुठनं येतं?"

"आधी तयार यायचं. आता पकडतात म्हणून काही लोक कच्चं मागवतात. जाड निकोटीन. घरी ग्लिसरीन आणि वासाचे थेंब घालून पातळ करायचं, शंभर थेंबांत निकोटीनचे पाच-सहा. पातळ करायच्या आधी ते हातालाही लागू द्यायचं नसतं, साब. दोन चमचे पोटात गेलं तर माणूस उरत नाही." त्यानं किल्ली परत दिली. "आणि ठेवतात कशात माहितीये? औषधाच्या रिकाम्या बाटलीत. थेंब नीट पडतात म्हणून. वर दुसरं लेबलही लावत नाहीत."

रस्त्यावर येऊन सयाजी थोडा वेळ नुसताच उभा राहिला. सातही बाजूंनी गाड्या येत होत्या. बाटली कुणी भरली आणि कुणी खाली आणली, दोन्ही कळलं होतं. खून नव्हता. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. चूक झाल्याचं शिवशरणला कधी कळलं, हा प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर त्याला आवडणार नव्हतं.

६

शिवशरण पाच वाजता घरी आला. चौतिशीचा, इस्त्रीचा शर्ट, अजून किंचित लंगडत होता. सयाजी माडीवरच्या खोलीत त्याच्याच खुर्चीवर बसला होता. दाक्षायणी दारात उभी होती. तिला त्यानंच बोलावलं होतं. तिच्यामागं जिन्यात अक्षता येऊन थांबली.

सयाजीनं नळी आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"बसा सर. माझं चुकलं तर सांगा," तो म्हणाला. "बोलायला मला आता फार जोर राहिलेला नाही, तेव्हा सलग सांगतो.

"बाटलीत ओवा नव्हताच. म्हणजे कुणी अर्कात विष मिसळलं नाही. बाटलीच दुसरी होती. ती दीड वर्षापूर्वीची, रिकामी झालेली. ती या फळीवर होती, खूण अजून आहे. काशम्मानं अर्क समजून खाली नेली. तिला वाचता येत नाही, आणि वाचता आलं असतं तरी वर ओव्याचंच नाव होतं. बाटलीत तुमचं कच्चं लिक्विड होतं, पुदिन्याचे थेंब घातलेलं. पातळ करायचं राहिलं होतं. दाक्षायणीताईंनी दोन चमचे मोजून दिले."

शिवशरण खाली बसला.

"शाळेतल्या एका मुलाच्या दप्तरात मशीन सापडलं होतं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी. मी जप्त केलं. वर्गात दाखवायला म्हणून घरी आणलं. एकदा ओढून बघू म्हटलं, मग सुटेना. आप्पांना कळलं असतं तर… शाळेत कळलं असतं तर…" त्यानं चेहरा पुसला. "शनिवारी कच्चं लिक्विड आलं होतं. आप्पांच्या जुन्या बाटलीत ओतलं, वासाचे थेंब घातले, पण ग्लिसरीन थोडंच उरलं होतं. म्हटलं रविवारी आणू. राहून गेलं. मी मुद्दाम केलं नाही, साहेब. शपथ घेतो. माझे वडील होते ते."

"मुद्दाम केलं नाही, हे मला मान्य आहे," सयाजी म्हणाला. "पुढचं विचारायचंय. आप्पांना उलटी झाली तेव्हा तुम्ही खाली होता?"

"होतो."

"पुदिन्याचा वास आला?"

शिवशरणनं फळीकडं पाहिलं.

"ताईंच्या हातात काचेची बाटली दिसली. तुम्ही फाईलच्या नावानं वर आलात. फळी रिकामी होती. तेव्हाच तुम्हाला कळलं. मशीन, बॅटरी, जे हाताला लागलं ते खिशात कोंबलंत, किल्ल्यांच्या वर. फाईल न घेता खाली गेलात. जीपमध्ये बाटली मागितलीत, ताईंनी दिली नाही. दवाखान्याच्या दारात बॅटरीनं मांडी भाजली. मशीनचं काय केलंत?"

"दवाखान्यामागच्या नाल्यात टाकलं."

"किती वाजता?"

"दहाच्या सुमाराला."

"आप्पा पावणेबाराला गेले," सयाजी म्हणाला.

खालून कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायला कुणी गेलं नाही.

"दोन तास डॉक्टर विचारत होते, पोटात काय गेलंय. मी दुपारी त्यांना फोन केला. म्हणाले, वाचले असते असं छातीठोक सांगता येणार नाही. पण आम्ही अंधारात होतो. नाव कळलं असतं तर उपचाराची दिशा वेगळी असती."

"मला वाटलं ते बरे होतील," शिवशरण म्हणाला. "खरंच वाटलं. उलटी झाली होती ना, निघून गेलं असेल. बरे झाले असते तर कुणाला काही कळायची गरजच नव्हती. आणि मग ते गेलेच. गेल्यावर सांगून काय होणार होतं?"

जिन्यातून अक्षताचा आवाज आला, हुंदका की शब्द ते कळलं नाही. दाक्षायणी दारातून दोन पावलं आत आली. इतका वेळ ती नवऱ्याकडं बघत नव्हती. आता बघितलं.

"बारा दिवस," ती म्हणाली. "पोलीस मला विचारत होते. तुमच्या बहिणीनं माझ्या हातचं खाणं सोडलं. गल्लीत बायका दार लावून घ्यायच्या. रात्री मी तुम्हाला विचारायचे, माझ्या हातून काय चुकलं असेल हो? चमचा जास्त पडला असेल का? तुम्ही काय म्हणायचा?"

शिवशरणनं मान खाली घातली.

"म्हणायचा, जाऊ दे, झोप."

"दाक्षू, चुकून झालं सगळं. ऐक ना."

"आप्पांच्या पोटात गेलं ते चुकून," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. फक्त शब्द एकेक करून येत होते. "काशम्मानं आणली ती चुकून, मी दिली ती चुकून. दोन तास तुम्ही डॉक्टरसमोर तोंड मिटून उभे राहिलात. तिथं चूक नव्हती. तुम्ही दोन्ही तोलून बघितलं, आणि आप्पा हलके पडले. मग मीही."

७

पोलिसांची जीप सहा वाजता दारात आली. हयगयीनं मृत्यूला कारण होणं, पुरावा नष्ट करणं, बंदी असलेली वस्तू बाळगणं; कलमं साहेब ठरवणार होते. फोनवर साहेब आधी चिडले आणि मग गप्प झाले. शिवशरण मागं बसला, दोन शिपायांच्या मध्ये. गल्लीतली दारं उघडली होती.

सयाजी समोरच्या सीटवर बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण उद्या सकाळी तेवढेच थकलेले असू. खून नसलेली प्रकरणं त्याला जास्त थकवायची. खुन्यावर निदान रागावता येतं.

अक्षता उंबऱ्यात उभी होती. दाक्षायणी बाहेर आली तशी ती पुढं झाली. "वैनी," एवढंच म्हणाली.

"कुकर उतरवा," दाक्षायणी म्हणाली. "करपला असेल. आणि काशम्माला बोलावून आणा. तुम्ही स्वतः जा. तिला सांगा, मी बोलावलंय. ती येईपर्यंत परत येऊ नका." ती थांबली. "तिला रडू द्या. पण एकटीला नको."

अक्षता चप्पल शोधायला लागली.

"ताई, तुमचाही जबाब लागेल," सयाजी जीपमधून म्हणाला. "आजच झाला तर बरं. पुढं जागा आहे, बसा."

दाक्षायणीनं जीपच्या मागच्या भागाकडं एकदा पाहिलं. शिवशरण तिच्याकडंच बघत होता, शाळेत चुकलेलं पोर बघतं तसा.

"मी चालत येते," ती म्हणाली. "यांच्याबरोबर गाडीत नाही बसणार."

"लांब आहे."

"असू दे."

ती चालायलाही लागली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उघड्या दारांसमोरून, बायकांसमोरून, मान वर ठेवून गल्लीच्या मधोमध निघाली. ड्रायव्हरनं गाडी सुरू करून सयाजीकडं बघितलं.

"तुम्ही व्हा पुढं," सयाजी म्हणाला.

तो दार उघडून खाली उतरला, पाठ सरळ केली, आणि तिच्यामागं दहा पावलांवर चालायला लागला.